दाह, आग आणि मुगाचं पाणी : ग्वांगझौच्या एका स्वयंपाकघरातून

वाशिष्ठी

मागच्या मे महिन्यात रात्री दोन वाजता नवऱ्याने मला हलवून उठवलं. उजव्या पायाचा अंगठा लालबुंद, सुजून चकचकीत झालेला. त्यावर चादर टेकली तरी कळवळत होता. सकाळी रक्त तपासलं तर युरिक ॲसिड ५६० निघालं. (इथे मायक्रोमोलमध्ये देतात. आपल्या आकड्यात साधारण साडेनऊ.) थोडक्यात, गाऊट, म्हणजे सांध्यात युरिक ॲसिड साचून होणारी सूज.

आता याच्या आधीचे चार महिने आम्ही काय करत होतो ते सांगते, कारण धागा त्यावरच आहे. आमच्या समोरच्या दारात साठीच्या एक बाई राहतात. सगळी इमारत त्यांना 'आ-यी' म्हणते. म्हणजे मावशी. मी सुरुवातीला ते 'आई'च ऐकलं आणि अजून तसंच म्हणते, त्यांना काही फरक पडत नाही. या आयीला नवऱ्याच्या तोंडातले फोड आणि डोळ्यांतली लाली दिसली आणि तिने निदान केलं : 'शांग-हुओ'. आग वर चढली आहे. इथल्या कँटोनीजमध्ये 'यित-हेइ' म्हणतात. आपल्याकडे 'उष्णता झालीये' म्हणतो ना, जवळजवळ तेच. मग दर आठवड्याला तिच्याकडून सूप यायला लागलं. डुकराची हाडं, कमळकाकडी, कधी वाळवलेले ऑयस्टर, मंद आचेवर तीन-तीन तास. याला 'लौ-फो-थाँग' म्हणतात, 'म्हाताऱ्या आगीचं सूप'. दक्षिण चीनच्या या ग्वांगडोंग प्रांतात याच्याशिवाय घर घर नाही. नवरा दोन-दोन वाट्या प्यायचा आणि वर शनिवारी बिअर आणि कोळंबी.

इथल्या चिनी वैद्यक रुग्णालयात गेलो. तिथे एकाच छताखाली नाडीही बघतात आणि रक्तही. वैद्यबुवांनी पहिली गोष्ट विचारली, सूप पिता का? हाडामांसातलं प्युरीन (ज्याचं शरीरात युरिक ॲसिड होतं) त्या तीन तासांत पाण्यात उतरतं, म्हणजे सगळं वाटीत. सूप बंद, बिअर बंद, कोळंबी बंद. गोळ्या आधुनिक औषधाच्या दिल्या. सोबत एक कागद : कोहळा, काकडी, यी-मी (खाली सांगते), दुधी चालेल, भरपूर पाणी, पण बर्फाचं नाही.

आता खरी गंमत. माझा गुडघा फेब्रुवारी-मार्चपासून दुखत होता, तर मी म्हटलं माझंही बघा. इथे वसंतात 'हुइ-नान-थ्येन' नावाचा प्रकार असतो. दक्षिणेची दमट हवा येते आणि भिंतींना घाम फुटतो. अक्षरशः. फरशीवर पाणी, आरशातून ओघळ, कपडे आठवडाभर ओले. चिपळूणचा जुलै बंद खोलीत कोंडल्यासारखं. तेव्हा गुडघा धरायचा. वैद्यबुवांनी माझी जीभ बघितली : फिकट, कडेला दातांचे ठसे, पांढरा चिकट थर. नवऱ्याची होती लाल, वर पिवळा थर. आणि मला सांगितलं, आलं खा, दालचिनी चालेल, मटण चालेल, मूग नको, काकडी नको, फ्रिजमधलं काहीही नको.

एकाच घरात दोन सांधे आणि दोन उलटी पथ्यं! मी विचारलं, दोन्हीकडे सूजच आहे ना? ते म्हणाले, हो, पण तुमच्यात थंडी आणि ओल अडकली आहे, त्यांच्यात आग आणि ओल. सांधेदुखीला त्यांच्याकडे 'पी' म्हणतात, म्हणजे अडून बसलेलं. वारा अडतो, थंडी अडते, ओल अडते, उष्णता अडते. काय अडलंय त्यावर काय खायचं ते ठरतं.

यूट्यूबवर 'दाह कमी करणारे दहा पदार्थ' छापाचं जे चाललेलं असतं, ते या लोकांच्या डोक्यात बसतच नाही. 'कोणाचा दाह?' हा त्यांचा पहिला प्रश्न. मला हे पटलं, म्हणून इतकं लिहिलं. गाऊट सूपने बरा झाला असं मी म्हणत नाहीये. उलट सूपनेच हातभार लावला.

सूप नको म्हटल्यावर आयी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी दार वाजलं.

पावटा

अगं मग पाचव्या दिवशी काय झालं?? असं मध्येच सोडून कुठे गेलीस!

आणि एक बाळबोध शंका. 'थंड' खायचं म्हणतात आणि बर्फाचं पाणी नको म्हणतात, हे कसं?

वाशिष्ठी

पावटा, स्वयंपाक करत होते गं.

थंड म्हणजे हाताला थंड नव्हे. पदार्थाचा स्वभाव. थंड, गार, सम, कोमट, गरम अशी पायरी असते. शेवंतीच्या फुलांचा चहा उकळता प्यायचा आणि तरी तो थंड. आपल्याला हे नवीन नाही, दही फ्रिजबाहेर राहिलं म्हणून गरम होत नाही. पण बर्फ मात्र इथे सरळ शत्रू. त्यांच्या मते पोट म्हणजे चुलीवरचं भांडं, त्यात बर्फ ओतलं की अन्न शिजत नाही आणि ओल साचते. म्हणून उन्हाळ्यात ३६ डिग्रीला माणसं थर्मासमधून गरम पाणी पितात. मी आधी हसायचे, आता माझाही थर्मास आहे.

जोड्या लावणं हा मात्र यांचा खरा खेळ. खेकडा थंड, म्हणून सोबत आलं, व्हिनेगर आणि कोमट तांदळाची दारू. ड्युरियन गरम, तर मागोमाग मँगोस्टीन. लिचीबद्दल म्हणच आहे : एका लिचीत तीन मशाली. जूनमध्ये लिची स्वस्त झाली की आयी ती मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवते आणि मग मोजून पंधरा खाते. मोजताना मात्र चुकते.

डॉ_खडूस

धागा चांगला आहे, पण इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच पातेल्यात घातल्या जातायत म्हणून लिहितो.

आम्ही ज्याला इन्फ्लमेशन म्हणतो ते ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या तपासण्यांत मोजता येतं. 'शांग-हुओ' म्हणजे तोंड येणं, घसा धरणं, मुरूम, बद्धकोष्ठ, चिडचिड, झोप न लागणं असं सगळं गाठोडं. त्यातल्या निम्म्या गोष्टींत सीआरपी हलतही नाही. त्यामुळे 'चिनी लोक हजारो वर्षांपूर्वीच अँटी-इन्फ्लमेटरी डाएट करत होते' हे कृपया कोणी लिहू नका.

शब्दाने किती घोळ होतो बघा. चिनी लिपीत आग या अक्षरावर आणखी एक आग रचली की 'येन' होतं, आणि तेच अक्षर आज दाहासाठी वापरतात. अँटिबायोटिक्सना तिथले सामान्य लोक 'श्याओ-येन-याओ' म्हणतात, दाह विझवणारं औषध. म्हणजे घसा लाल झाला, आग दिसली, की अँटिबायोटिक. विषाणूमुळे असला तरी.

दुसरं. 'नैसर्गिक' आहे म्हणून यकृताची आग उतरवणाऱ्या गोळ्या लोकांनी वर्षानुवर्षं खाल्ल्या. त्यातल्या एका वेलीत ॲरिस्टोलोकिक ॲसिड होतं. किडन्या गेल्या. २००३ साली चीन सरकारने ती वेलच औषधांतून काढून टाकली. आपल्याकडची ईश्वरी त्याच कुळातली आहे.

वाशिष्ठी, तुमच्या यजमानांना तेव्हा कोल्चिसिन (गाऊटची कळ थांबवणारं औषध) दिलं असेल. ते आपल्या सह्याद्रीतल्या कळलावीत असतं. म्हणून उद्या कोणी कळलावीचा कंद उगाळू नका. त्याने माणसं मरतात.

रिकामटेकडा

डॉक्टर आले. पॉपकॉर्न गरम की थंड ते कोणी सांगेल का, मी घेऊन बसतोय.

वाशिष्ठी

@रिकामटेकडा गरम. सगळं भाजलेलं-तळलेलं गरम. :)

@डॉ_खडूस कोल्चिसिनच होतं. आणि तुमचं गाठोड्याचं म्हणणं मान्य. वैद्यबुवांनीही नवऱ्याला आहाराचा कागद गोळ्यांऐवजी दिला नव्हता, गोळ्यांसोबत दिला होता. पण एक विचारते, मुगात प्युरीन असतं म्हणून गाऊटवाल्यांनी डाळी सोडायच्या का? इथे यावरून आमच्या मराठी गटात रोज भांडण.

डॉ_खडूस

सोडायची गरज नाही. मांस, मासे, बिअर यांनी गाऊट वाढतो हे मोठ्या पाहण्यांत दिसलंय, डाळी-भाज्यांतल्या प्युरीनने वाढलेला दिसला नाही. खुशाल आमटी खा. आणि युरिक ॲसिड कमी करणारी गोळी बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने थांबवू नका, हे जास्त महत्त्वाचं.

वैद्य_कृष्णाकाठ

वाशिष्ठीताई, तुमच्या दोन गुडघे-अंगठ्यांची गोष्ट आमच्या शास्त्रात जशीच्या तशी आहे. तुमचं ते आमवाताच्या (न पचलेला 'आम' सांध्यात साचून होणाऱ्या दुखण्याच्या) बाजूला झुकणारं, यजमानांचं वातरक्त, म्हणजे गाऊटसारखं. आमवाताला 'चक्रदत्त' या जुन्या आयुर्वेद ग्रंथाने पहिला शब्दच 'लंघन' (उपास) सांगितला, मग शेक, कडू, तिखट, दीपन (भूक वाढवणारं). म्हणजे सुंठ, गरम पाणी, हलकं अन्न. तिथे थंड दिलं की आम वाढतो. वातरक्तात उलट, दाह असेल तर थंडावा.

मात्र दोन्ही शास्त्रं एकच आहेत असं म्हणण्याचा मोह आवरावा. हळदीचंच घ्या. आपण रोज डाळीत घालतो. चिनी लोक तिला ओळखतात, 'आल्यासारखी पिवळी' म्हणतात, पण ती त्यांच्या औषधाच्या खणात, मसाल्याच्या डब्यात नाही. आणि तीही साकळलेलं रक्त हलवायला, गरम म्हणून.

सिंगापुरी_चकली

आमच्याकडे हे इंग्रजीतसुद्धा आहे! सिंगापुरात ऑफिसमधला तमिळ माणूसही म्हणतो, 'टू हीटी ला.' तळलेले चिप्स हीटी, बार्ली कूलिंग. (ही 'बार्ली' म्हणजे बरेचदा जवस नसून... चुकलं, सातू नसून यी-मी असते. पाकिटावर चायनीज बार्ली लिहितात.)

बाळंतिणींसाठी मात्र एक गंभीर गोष्ट. पूर्वी इथे नवजात बाळाला 'आग' उतरावी म्हणून ह्वांग-ल्येन नावाच्या भयंकर कडू मुळीचं पाणी पाजायचे. कावीळ वाढलेली बाळं सापडायला लागली, विशेषतः ज्यांच्यात जी-सिक्स-पीडी हे रक्तातल्या तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम कमी होतं त्यांच्यात. १९७८ साली सरकारने ती मुळी आणि तिच्यातलं बर्बेरिन यांवर बंदी घातली. ती २०१३ नंतर टप्प्याटप्प्याने उठली, कारण आता प्रत्येक बाळाची जन्मतःच तपासणी होते. माझ्या मुलाची ही कमतरता निघाली तेव्हा हातात जो कागद दिला, त्यात डांबराच्या गोळ्यांपासून या मुळ्यांपर्यंत सगळं लिहिलेलं. तेव्हा शेजारणीने प्रेमाने दिलेला काढा तान्ह्याला नको म्हणजे नको.

पावटा

बाप रे. हे माहीत नव्हतं. जी-सिक्स-पीडी आपल्याकडेही असतं ना?

डॉ_खडूस

असतं. काही समाजांत बऱ्यापैकी.

ताकपीठ

सगळं वाचलं. पण आयीने पाचव्या दिवशी काय आणलं हे कोणीच विचारत नाहीये! आणि ती यी-मी म्हणजे काय?

वाशिष्ठी

आले आले.

आयीने झाकणाचा डबा आणला. आत हिरव्या मुगाचं घट्टसर गोड पातळ. 'लुक-डाउ-सा'. झाकण उघडलं आणि मी तिथेच दारात थांबले. तो वास! उग्र, थोडा कडवट, थोडा हिरवा. आमच्या आजीच्या परसात तुळशीच्या मागे डालड्याच्या डब्यात लावलेला होता. सताप! सर्दी झाली की पानं तव्यावर गरम करून छातीला लावायची. इथे त्याचं नाव आहे 'छौ-छाओ', म्हणजे वासाडं गवत, आणि ते मुगाच्या खिरीत घालतात. बाजारात कोथिंबिरीसारखी जुडी मिळते. इतकी वर्षं इथे राहून मला पत्ता नव्हता. आयीला सांगितलं, ही आमच्या घरची आहे. ती म्हणाली, नाही, ही आमच्या घरची आहे. असा समेट झाला.

कृती, ताकपीठ, तुझ्यासाठी :

एक वाटी अख्खे मूग, आठ वाट्या पाणी. छेन-फीचा एक तुकडा (संत्र्याच्या जातीच्या फळाची वाळवून मुरवलेली साल. इथून जवळच्या शिनहुइची नावाजलेली, किमान तीन वर्षं मुरलेली असावी लागते, पुढे वयाप्रमाणे भाव चढतो). ती भिजवून आतला पांढरा भाग सुरीने खरवडायचा, नाहीतर कडू होतं. मूग फुटून पार मऊ होईपर्यंत तासभर मंद आच. वर तरंगणारी सालं आयी झाऱ्याने काढते. शेवटच्या दहा मिनिटांत सतापाची एक काडी, अख्खी, नंतर काढून टाकायची. गोडाला इथे विटांसारखी पिवळी साखर मिळते, आपला गूळ चालेल. गरोदर बाईने सताप अजिबात नको.

हे झालं खायचं. आग उतरवायला जे पितात ते वेगळं : मूग जेमतेम दहा मिनिटं उकळायचे, दाणा फुटू द्यायचा नाही, वरचं हिरवं पाणी गाळून बिनसाखरेचं प्यायचं. थंडावा सालीत असतो, असं म्हणणं. उरलेले मूग मी उसळीत ढकलते, आयीला सांगितलेलं नाही.

यी-मी म्हणजे ते पांढरे टपोरे दाणे, एका बाजूला तपकिरी चीर. ईशान्य भारतात याच गवताच्या मण्यांच्या माळा करतात. 'ओल' काढायला लाल कडधान्याबरोबर उकळून पाणी पितात. पण कच्ची यी-मी थंड, म्हणून माझ्यासारखीने ती आधी कोरड्या तव्यावर फुटाण्यासारखा वास येईपर्यंत भाजायची, मग उकळायची. हीसुद्धा गरोदरपणात टाळतात.

जुनी_पोथी

थोडी भर. अन्न आधी, औषध नंतर हा आग्रह चीनमध्ये सातव्या शतकातल्या सुन स-मिआओ या वैद्याने स्पष्ट मांडला : आधी अन्नाने उपचार करा, जमलं नाही तरच औषध. १३३० साली मंगोल दरबारातल्या हू स-हुइ नावाच्या आहार-अधिकाऱ्याने तर बादशहासाठी पथ्याचा अख्खा ग्रंथ लिहिला. पण मला त्याहून जुना चांग चुंगचिंग आवडतो, हान राजघराण्याच्या शेवटच्या काळातला वैद्य. दालचिनीच्या काडीचा त्याचा प्रसिद्ध काढा आहे. तो प्यायल्यावर काय करायचं? वरून गरम पातळ भाताची पेज प्यायची, म्हणजे औषधाला जोर येतो, मग पांघरूण घेऊन घाम आणायचा. कोकणातल्या कुठल्याही आजीने हेच सांगितलं असतं, फक्त सोबत मेतकूट दिलं असतं.

अण्णा_सांगतात

माझ्या व्हॉट्सॲपवर आलंय की चिनी डॉक्टर फक्त मुगाच्या पाण्याने कॅन्सर, मधुमेह, सगळं बरं करतात. इथे कोणी का लिहीत नाही?

जुनी_पोथी

अण्णा, हे तिथे होऊन गेलंय. २०१० साली चीनमध्ये टीव्हीवर गाजलेला एक आहारतज्ज्ञ हेच सांगत होता, मूग उकळून प्या, सगळे रोग जातील. मुगाचे भाव कडाडले. मग त्याच्या पदव्या खोट्या निघाल्या. बाबा गेला, व्हॉट्सॲप राहिलं.

डॉ_खडूस

आणि ज्याने खरंच संधिवाताचा दाह कमी होतो असं चाचण्यांत दिसलं, ती चिनी वनस्पती जेवणात नसतेच. लेइ-कुंग-थंग, 'मेघगर्जनेच्या देवाची वेल'. र्‍हुमॅटॉइडमध्ये तिचा परिणाम दिसतो, पण विषारी आहे, प्रजननक्षमतेवर आघात करते, यकृत-मूत्रपिंड सांभाळत द्यावी लागते. ज्यात जोर आहे त्यात धोकाही आहे. कोहळ्यात दोन्ही नाही, म्हणून तो रोज खाता येतो.

रिकामटेकडा

डॉक्टरांनी कोहळ्याची स्तुती केली की निंदा, मला कळलं नाही.

पावटा

वाशिष्ठी, त्या काढ्याच्या दुकानांबद्दल लिही ना. मी हाँगकाँगला पाहिली होती, पितळी भोपळे ठेवलेली.

वाशिष्ठी

लियांग-छा, म्हणजे 'गार चहा'. चहाची पत्ती नावालाही नसते. कोपऱ्याकोपऱ्यावर दुकान, तांब्या-पितळेचे मोठे भोपळ्याच्या आकाराचे पिंप, वाडगी भरून वर काचेचं झाकण. उभ्याउभ्या प्यायचं. दुकानदार आधी तुमच्याकडे बघतो आणि विचारतो, घसा की तोंड? 'चोवीस चवी' नावाचा एक असतो, त्यात चोवीसच जिन्नस असतील याची खात्री नाही आणि चव एकच : कडू. संपवला की तोंडात टाकायला सुकवलेलं आंबटगोड प्लम देतात. २००६ मध्ये चीनने या गार चहाला राष्ट्रीय वारशाच्या यादीत घेतलं.

माझा आवडता 'वू-ह्वा-छा', पाच फुलांचा. त्यात शेवंती, आपला खुरचाफा आणि काटेसावर! काटेसावर हे ग्वांगझौचं अधिकृत फूल आहे. मार्चमध्ये रस्त्यावर ती जाड लाल फुलं धप्पकन पडतात आणि म्हाताऱ्या बाया पिशव्या घेऊन गोळा करत असतात, मग फुटपाथवर वाळत घालतात. (कोणी अंगणातला चाफा उकळू नका. त्याचा चीक वाईट. इथे निवडून वाळवलेली फुलं मिळतात.)

पण एक कानाला खडा. एका टपरीवरचा काढा प्यायल्यावर माझं अंग अर्ध्या तासात हलकं झालं, मी खूश. नंतर कळलं की या प्रांतात काही दुकानांच्या काढ्यात तपासणीत चक्क पॅरासिटामॉल सापडलंय. तेव्हापासून लगेच गुण येणारा गार चहा मला संशयास्पद वाटतो.

वैद्य_कृष्णाकाठ

हा अनुभव आमच्याकडच्या 'हमखास गुण' पुड्यांचाही आहे. त्यात स्टिरॉइड निघतं. आणखी एक, अशा काढ्यांत जेष्ठमध बरेचदा असतो. रोज पिणाऱ्यांनी रक्तदाबाकडे लक्ष ठेवावं, जेष्ठमध तो वाढवतो.

डॉ_खडूस

वैद्यबुवांशी सहमत. तारीख लिहून ठेवतो.

सिंगापुरी_चकली

:D रक्त पातळ करायची वॉरफरिन घेणाऱ्यांनी गोजी बेरीसुद्धा विचारून खा, हेही लिहा कोणीतरी.

डॉ_खडूस

लिहिलं समजा. खरंच विचारून खा.

ताकपीठ

वाशिष्ठी, केलं! दहा मिनिटांचं मुगाचं पाणी. पण ते हिरवं नाही झालं, चहासारखं लालसर झालं. बाद झालं का? सताप मिळाला, आमच्या नर्सरीवाल्याकडे, त्याला नाव माहीत नव्हतं, 'वासाचं झाड' म्हणून दिला.

वाशिष्ठी

बाद नाही. सालीतला रंग हवेने आणि जड पाण्याने लाल होतो. बोअरचं पाणी असेल तर हमखास. फिल्टरचं पाणी घे, मूग उकळत्या पाण्यात टाक, लिंबाचे चार थेंब पिळ आणि झाकण सारखं उघडून बघू नकोस.

काल आयीला आमसुलाचं सार दिलं. तिने विचारलं, थंड की गरम? मी म्हटलं, आम्ही थंड म्हणतो. तिने रंग बघितला, एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, मग उरलेलं पिऊन टाकलं. आज सकाळी लिफ्टमध्ये जीभ बाहेर काढून मला म्हणाली, 'बघ, काही फरक दिसतो का?'